तुम्ही विचारलंत म्हणून : काम माझ्या नावावर, हात दुसऱ्याचे, मग पैसे कोणाला किती?

कोल्हापुरात सोफा आणि कार्पेट धुण्याच्या धंद्यात नव्याने उतरलेली मुले मला भेटली की हटकून एकच प्रश्न विचारतात. गिऱ्हाईक माझ्याकडे आले, मला वेळ नव्हता म्हणून मी दुसऱ्याला पाठवले, काम त्याने केले. आता त्या पैशांतले माझे किती आणि त्याचे किती? त्यांना टक्केवारी हवी असते, आणि ती मी पुढे देणारच आहे. पण त्याआधी गिऱ्हाइकाने कोणाच्या शब्दावर दार उघडले हे ठरवावे लागते, कारण नुसती ओळख करून देणे आणि आपल्या नावावर घेतलेले काम दुसऱ्याकडून करून घेणे, या दिसायला सारख्या वाटणाऱ्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आपल्या धंद्यात ‘काम दिले’ या एकाच शब्दात गुंडाळल्या जातात.

माझ्या मामांचे गुऱ्हाळ होते आणि लहानपणी मी त्यांच्याबरोबर शाहू मार्केट यार्डात जात असे. गुळाचे रवे उतरवून घेणे, वजन करणे, सौद्यात उभे राहणे आणि शेवटी मामांच्या हातात हिशेबाची पट्टी देणे, हे सगळे अडत्या करी. व्यापारी कोण होता हे मामांना पुष्कळदा माहीतही नसे. अडत, म्हणजे त्याचे कमिशन, ही त्या सगळ्या उठाठेवीची आणि जोखमीची होती, नुसत्या ओळखीची नव्हती. इकडे इचलकरंजीत खर्चीवाला यंत्रमागधारक दुसऱ्याचे सूत आपल्या मागावर विणून देतो आणि मजुरी घेतो. कापड बाजारात कोणत्या भावाने गेले याच्याशी त्याच्या मजुरीचा संबंध नसतो. जोखीम घेणाऱ्याची अडत आणि विणणाऱ्याची ठरलेली मजुरी, माझा सगळा हिशेब या दोन गोष्टींवर उभा आहे, आणि तो मला उशिरा, एका गालिच्यामुळे समजला.

नागाळा पार्कात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकांचा सहा बाय नऊ फुटांचा, हाताने विणलेला लोकरी गालिचा होता. तांबड्या रंगाचा मधला भाग आणि मोतिया रंगाची किनार. ऐन जुलै महिना होता आणि माझी दोन्ही माणसे एका मंगल कार्यालयात अडकली होती. मी फोनवरच चौरस फुटाला 40 रुपये सांगून 2,160 रुपयांना काम घेतले आणि ओळखीच्या एका कारागिराला 1,600 रुपयांवर पाठवले. ‘लोकरीचा आहे, नेहमीसारखा धुऊन टाक’ एवढेच मी त्याला सांगितले. त्याने खरोखरच नेहमीसारखा धुतला. पावसाळी हवेत गालिचा दोन दिवस वाळला नाही, आणि ओल किनारीकडे सरकत गेली तसा तिच्याबरोबर तांबडा रंगही सरकला. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला तो मला. मी त्या कारागिराचे नाव सांगू लागलो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘त्यांना मी ओळखत नाही हो, मी तुम्हाला ओळखते.’

मी त्यांच्या घरी गेलो, गुडघ्यावर बसून ती किनार पाहिली आणि 8,000 रुपये भरून दिले. कारागीर बिचारा अर्धे देतो म्हणत होता. मी घेतले नाहीत. पांढरे ओले फडके प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरायचे आणि फडक्याला रंग लागला तर गालिचा भिजवायचाच नाही, ही तपासणी काम घेताना मी करायला हवी होती. माझ्याकडे राहिलेले 560 रुपये त्या तपासणीचेच होते, आणि मी ती केलेली नव्हती.

तेव्हापासून मी दोन्ही प्रकार वेगळे ठेवतो. मी नुसता नंबर दिला, दर त्याने सांगितला, पावतीही त्याच्याच नावाची झाली, तर ती ओळख झाली. तिथे मी पहिल्या कामावर दहा टक्के घेतो आणि गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगतो. पडद्याच्या दुकानदाराने किंवा इंटिरिअर डिझायनरने मला काम सांगितले तर मीही त्यांना तेवढेच देतो. याहून जास्त मागणाऱ्याला मी नम्रपणे नाही म्हणतो, कारण ते पैसे शेवटी शाम्पूतून किंवा वाळवण्याच्या वेळेतून कापले जातात.

दर मी सांगितला आणि पावती माझी असेल तर मात्र मी टक्केवारीत बोलतच नाही. करणाऱ्याची रक्कम आधी ठरवतो. समजा, ताराबाई पार्कातल्या एखाद्या कार्यालयात 1,500 चौरस फूट कार्पेट आहे आणि दर 10 रुपये आहे, म्हणजे काम 15,000 रुपयांचे झाले. त्यांतले 11,000 करणाऱ्याचे. मशीन, रसायन, मजूर आणि गाडीभाडे त्याच्याकडे. उरलेल्या 4,000 रुपयांत आधी पाहणी करणे, काम चालू असताना एकदा तिथे उभे राहणे आणि डाग पुन्हा वर आला तर स्वखर्चाने परत जाणे ही माझी कामे. साहेबांनी घासाघीस केली आणि मी हजार रुपये सोडले, तर ते माझ्या 4,000 मधून जातात. टक्केवारी ठरवली की नेमकी इथेच भांडणे होतात, कारण एकाच्या तोंडून गेलेली सवलत दुसऱ्याच्या मजुरीतून वजा होते. नोंदणी असेल तर 18 टक्के जीएसटी धरून तेच बिल 17,700 चे होते. वाढलेले 2,700 सरकारचे आहेत, त्यात कोणाचाही वाटा नाही, हेही मला अनेकांना समजावून सांगावे लागते.

कायदाही याच बाजूचा आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 40 प्रमाणे, काम स्वतःच्याच हाताने करायचे असा दोघांचा हेतू नसेल तर ते सक्षम माणसाकडून करून घेता येते. पण वचन ज्याने दिले त्याचेच राहते. गालिचा घरातून उचलून शेडवर नेला, तर कलम 151 नुसार स्वतःच्या तसल्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घेणे आपल्यावर येते.

पैसे कधी द्यायचे, याबद्दल माझे मत ठाम आहे. कंपन्यांची बिले महिना-दीड महिना रेंगाळतात. त्या अवधीसाठी थांबण्याची ताकद माझ्यात असेल तरच मी ते काम घ्यावे, कारण अकरा हजारांतले रसायनाचे पैसे करणाऱ्याने आधीच मोजलेले असतात. मी त्याला आठवड्याच्या आत देतो. नुकसान झाले तर, सांगूनही तपासणी केली नसेल तेव्हा ते करणाऱ्याचे, आणि मी सांगितलेच नसेल तर माझे; गिऱ्हाइकाला मात्र दोन्ही वेळा मीच भरून देतो आणि आमचे आम्ही नंतर पाहतो.

हे सगळे मी आता काम पाठवताना व्हॉट्सॲपवर चार ओळींत लिहितो: कापडाचा प्रकार आणि फडक्याच्या तपासणीचा फोटो, ठरलेली रक्कम, पैसे देण्याचा दिवस, आणि जागेवर वाढलेले काम कोणाचे. शेवटची ओळ मी मुद्दाम घातली, कारण कार्पेट धुताना घरच्या काकू हमखास म्हणतात, ‘आलाच आहात तर हा सोफाही बघा.’ तो सोफा पाहून दर सांगणारा आणि काम करणारा तिथे एकच असतो, म्हणून त्याचे पूर्ण पैसे त्याचे; फक्त तो कशाने धुतला हे मला संध्याकाळपर्यंत कळवायचे, एवढीच माझी अट असते, कारण डाग वर आला तर काकूंचा फोन मलाच येणार असतो.