गेट पाडण्याआधी

रोहू, कतला, मृगळ साचलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं, गढूळ पाणी लागतं. म्हणून पावसाळ्यात नदी फुगली की हे मासे धारेच्या उलट चढू लागतात. धरण आडवं आलं की त्यांचं चढणं तिथंच संपतं. मी मत्स्यव्यवसाय खात्यात आहे आणि भंडारा जिल्ह्यातल्या एका धरणावर याच कारणावरून अख्खा दिवस गेला, तो सांगतो.

वैनगंगेच्या एका उपनदीवरचं हे धरण, पायथ्याशी छोटं वीजघर. जुलै संपत आला होता. मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष असलेल्या, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बाईंचा सकाळीच फोन आला. "साहेब, लवकर या. चढाची मासोळी गेटखाली जमली, अन् हे लोक गेट पाडून राहिले." गेट पाडणं म्हणजे ते खाली सोडून पाणी बंद करणं.

पोचलो तेव्हा सांडव्याखालचं पाणी माशांनी खवळलं होतं. पाठी वर दिसायच्या, काँक्रीटला धडकायच्या, पुन्हा मागे वाहून जायच्या. कडेला काहीजण जाळी घेऊन उभे होते. अडकलेली मासोळी उचलायला कष्ट नाहीत, बाजारात गाभोळीच्या माशाला भावही चांगला. बाईंनी त्यांना अडवून धरलं होतं. "आज खाशीन, पुढल्या साली काय करशीन?" एका पोरानं रोहूची मादी धरली होती. नुसता हात लागला तरी तिच्या पोटातून लालसर दाणे ओघळत होते, शिजलेल्या साबुदाण्यासारखे. बाईंनी एक शब्द न बोलता ती त्याच्या हातातून घेतली आणि पाण्यात सोडली.

गेट पाडायचं कारण साधं होतं. वरच्या धरणानं रात्रीतून विसर्ग कमी केला होता, धरणात येणारं पाणी घटलं होतं. पाटबंधारेच्या अभियंत्यांना जलाशयाची पातळी राखायची होती, कारण धानाची रोवणी अर्ध्यावर होती आणि कालव्याच्या शेवटच्या गावांना पाणी पोचत नव्हतं. वीजघराच्या व्यवस्थापकांना सगळं पाणी टर्बाइनमधून हवं होतं. सांडव्यावरून गेलेलं पाणी म्हणजे त्यांच्या हिशेबी बुडालेली वीज. दोघांचंही म्हणणं रास्तच होतं. पण वीजघराचं पाणी डाव्या तीरानं निघतं आणि मासे होते उजवीकडच्या खडकाळ पात्रात. गेट एकदम पाडलं असतं तर तासाभरात तिथं डबकी उरली असती.

मी एवढंच मागितलं की एक गेट उद्या दुपारपर्यंत थोडं उघडं ठेवा. या माशांची अंडी आपल्याकडच्या पावसाळी पाण्यात साधारण पंधरा ते अठरा तासांत फुटतात. तेवढा वेळ प्रवाह हवा. नंतर गेट पाडा, पण टप्प्याटप्प्यानं. पाणी हळू उतरलं की मासेही त्याच्यासोबत खाली सरकतात.

अभियंता म्हणाले, तोंडी सांगण्यावर गेट हलत नाही. ते खरंच आहे. मग फोनाफोनी सुरू झाली. "माशांसाठी?" असं पलीकडून विचारलं गेलं तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. शेवटी वरिष्ठांनी परवानगी दिली, कालव्याचा वाटा कमी न करण्याच्या अटीवर. व्यवस्थापकांनी विचारलं, "बुडालेले युनिट कोण भरून देणार?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि प्रश्न चुकीचाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मच्छरदाणीच्या कापडानं काठालगतचं पाणी गाळून पाहिलं. पांढऱ्या ताटलीत काढल्यावर काचेसारखी पारदर्शक पिल्लं हलताना दिसली. बाई कितीतरी वेळ ताटलीवर वाकून होत्या.

लोक म्हणतात, जलाशयात बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, सोडताच ना, मग नदीत पैदास कशाला हवी? १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी आणि सहकाऱ्यांनी ओडिशात पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवलं, तिथून मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली. त्या शोधाचं मोल मोठंच आहे. पण केंद्रात मोजक्याच जाती तयार होतात. ढिवरांच्या घरी रोज शिजणारी नदीतली बारीक मासोळी कुठल्याच केंद्रात बनत नाही.

मासे चढवायला धरणाला पायऱ्या बांधा, असंही सुचवलं जातं. अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाला १९३८ पासून त्या आहेत, पण त्या सॅमनसारख्या उड्या मारणाऱ्या माशांसाठी केलेल्या. आपल्या कतल्याला तसल्याच पायऱ्या उपयोगी पडतील असं मी मानत नाही. मला त्याच देशातली पेनॉबस्कॉट नदी जास्त जवळची वाटते. तिथं वीज कंपनी, मूळनिवासी पेनॉबस्कॉट लोक, सरकार आणि पर्यावरण संस्था एकत्र बसले. २०१२ ला ग्रेट वर्क्स आणि २०१३ ला व्हीझी ही खालची दोन धरणं काढली, तिसऱ्याला वळसा घालणारा ओढा खोदला आणि बुडालेली वीज उरलेल्या धरणांवर क्षमता वाढवून भरून काढली. तिथं हिशेब एकेका धरणाचा नव्हता, सगळ्या नदीचा होता.

आपल्या वैनगंगेवर मध्य प्रदेशात भीमगडचं संजय सरोवर, मग गोंदियात धापेवाडा, भंडाऱ्यात गोसीखुर्द, गडचिरोलीत चिचडोह. धरणं बांधताना रोवणी, वीज, पूर, पिण्याचं पाणी यांचा विचार झाला. चढणीच्या माशांना त्यात जागा मिळाली नाही. ही धरणं पाडा असं मी म्हणत नाही. गोसीखुर्दच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांनी किती वर्षं वाट पाहिली ते मी जाणतो. पण पहिल्या मोठ्या पुरानंतरचे काही दिवस वरच्या-खालच्या धरणांनी ठरवून गेट हळू पाडावेत, एवढं तर होऊ शकतं.

तसा प्रस्ताव मी पाठवला आहे. त्यात दोन मागण्या आहेत: गेट पाडण्याआधी मच्छीमार संस्थेला कळवावं आणि बुडालेल्या विजेचा भार एकट्या वीजघरावर टाकू नये. पुढच्या बैठकीला वरच्या धरणाचे अधिकारीही यावेत, असा अध्यक्षबाईंचा आग्रह आहे. त्यांनी तसं पत्र संस्थेच्या लेटरहेडवर लिहून आणलं, मी ते प्रस्तावाला जोडलं.