योजनेचा बेड नाही, म्हणजे नेमके काय नाही?

अंगणवाडीत तपासणीसाठी आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला माझ्या भाचीच्या हृदयात छिद्र असल्याचा संशय आला, टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ते स्पष्ट झाले आणि केशरी शिधापत्रिकेवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया विनामूल्य होईल, असे आम्हाला सांगण्यात आले.

घोडे अडले ते योजनेत समाविष्ट असलेल्या एका खासगी रुग्णालयात. तिथे नकार कोणीच देत नव्हते. ‘सध्या योजनेचा बेड नाही, पुढच्या आठवड्यात फोन करा’ एवढेच उत्तर मिळे आणि त्याच खिडकीवर रोख भरणाऱ्यांना मात्र दाखल होण्याची तारीख दिली जाई. आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या टेबलावरची आमची फाईल नव्या फायलींखाली जात राहिली. बहिणीने फारच लावून धरल्यावर बिलिंगमधल्या एका कर्मचाऱ्याने सांगितले की, आधीच्या शस्त्रक्रियांची योजनेकडून येणारी रक्कम थकल्यामुळे योजनेचे मोजकेच रुग्ण घेण्याचा आदेश आहे. ‘अनामत भरली तर मात्र लगेच घेऊ,’ असेही तो म्हणाला. योजना कॅशलेस आहे. तिच्या रुग्णाकडून अनामत घेताच येत नाही.

रुग्णालयाची अडचण मला कळत नाही असे नाही. 2023 च्या निर्णयाने कुटुंबाचे उपचारखर्चाचे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले आणि सर्व शिधापत्रिकाधारक पात्र ठरले; परंतु आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य योजनेच्या पात्र कुटुंबांपुरताच केंद्र आणि राज्य यांचा 60:40 वाटा आहे, बाकीच्यांचा भार एकट्या राज्याच्या तिजोरीवर पडतो. व्याप्ती एका शासन निर्णयाने वाढते, देयके मात्र तशी निघत नाहीत. पण ही उधारी पाच वर्षांच्या मुलीने का सोसावी, याचे उत्तर त्या खिडकीवर कोणाकडेही नव्हते.

शेवटी आम्ही नकाराचे कारण लेखी मागितले, योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक घेऊन योजनेच्या जिल्हा समन्वयकांना भेटलो. त्यानंतर बेड निघाला. लेखी मागणी पहिल्याच खेपेला करावी, असे आता वाटते. मुलाचे नाव शिधापत्रिकेत नसेल तर जन्मदाखला आधीच काढून ठेवावा. एकाच रुग्णालयाच्या दारात बसून न राहता जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पाठवलेल्या मुलांच्या पुढच्या उपचारांचे केंद्र) दुसऱ्या रुग्णालयाची चौकशीही करावी. रुग्णाचे जेवण आणि परतीचे भाडे योजनेतच येते. आम्हाला ते कोणी आपणहून सांगितले नाही, मागितल्यावर मिळाले.