बाजारात न दिलेली ओळख

मंगळवार, रात्री

आज आठवडे बाजारात अण्णांनी मला ओळख दिली नाही. मिरचीच्या ढिगाशी ते व्याह्यांबरोबर उभे होते. आमची नजरानजर झाली, मी नमस्कारासाठी हात उचललाही, आणि त्यांनी मान वळवून भाव विचारायला सुरुवात केली. एवढेच घडले. तरीही दुपारी घास नीट उतरला नाही.

दादाने गाडीची किल्ली अजून परत दिलेली नाही, ते मी सोसतो. त्याबद्दल आज लिहीत नाही. अण्णांनी मान वळवलेली मात्र सोसवत नाही, कारण तालुक्याला व्यसन सोडलेल्यांची मीटिंग भरते, तिला येणाऱ्या चौदा जणांत बारा जण दारूचे आहेत आणि अफूचे आम्ही दोघेच. त्या बारा जणांनी आम्हाला कधी परके मानले नाही. परंतु नीमच-मंदसोरच्या रस्त्याला ढाब्यावर डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, घेऊन कांद्याची गाडी दोन-दोन रात्री न झोपता हाकणे, पुढे त्याची जागा ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळ्यांनी घेणे, २०१८ साली त्या गोळ्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आल्यावर त्यांच्यासाठी दुप्पट पैसे मोजणे, आणि शेवटी टर्की लागली, म्हणजे नशा तुटली, की नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, जुलाब आणि पायांतली तगमग घेऊन रात्र काढणे, हे त्यांना कितीही सांगितले तरी पुरते पोहोचत नाही. अण्णांना सांगावेच लागत नाही. पहिल्या भेटीत मी नुसते "पाय..." म्हणालो, आणि ते म्हणाले, "भिंतीला टेकवून झोपत जा."

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी झाली, तेव्हा एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद एवढे दोघेच होते, हे मीटिंगमध्ये कोणीतरी अधूनमधून सांगते. ते ऐकताना मी दर वेळी अण्णांकडे पाहतो. ज्या एका माणसाला माझे सगळे ठाऊक आहे, त्यालाच चारचौघांत मी ठाऊक नसावा, हे दिवसभर डाचत राहिले. संध्याकाळी गोठ्यात बसून मी बराच वेळ रडलो. आई आत होती. तिने काही विचारले नाही.

अंधार पडल्यावर दुसरी शंका आली. स्लिप झाली असेल का, म्हणजे अण्णांनी पुन्हा घेतले असेल का? मी घेत होतो तेव्हा अशीच मान वळवीत असे. अण्णांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या, घेतल्यावर होतात तशा, टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या का, हे आठवून पाहिले. पण अंतर फार होते. आठ महिने सुटल्यावर कोणी जुन्याच मापाने घेतले, तर शरीराची सवय मोडलेली असते आणि झोपेतच श्वास थांबू शकतो, हे व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितले होते. अपमान तिथेच विसरलो आणि फोन लावला.

त्यांनी लगेच उचलला. आवाज स्वच्छ होता. "व्याही होते," एवढेच म्हणाले आणि थांबले. मग नेहमीप्रमाणे विचारले, "आजचा दिवस?" मी म्हणालो, "निघाला. तुमचा?" ते म्हणाले, "निघाला."

फोन ठेवल्यावर विचार करीत बसलो. मीटिंगमधली ओळख बाहेर दाखवायची नाही, हा नियम आम्ही दोघांनीही मान्य केलेला आहे. शहरात तो पाळणे सोपे असावे. इथे एसटीतून कोण कुठे उतरले, हेसुद्धा दिवेलागणीपर्यंत पारावर कळते. अण्णांच्या धाकटीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. "हे कोण?" असे व्याह्यांनी विचारले असते, तर अण्णा काय सांगणार होते? मी ना भावकीतला, ना पाहुण्यांतला, ना व्यवहारातला. आमचे नाते सांगायला त्यांच्याकडे एकच खरा शब्द होता, आणि तो उच्चारला असता तर मुलीचे लग्न मोडले असते.

हे सारे पटते, तरी मिरचीच्या ढिगापाशी वळलेली ती मान डोळ्यांपुढून जात नाही. तीही बहुधा जाईल. पायांतली तगमग गेली तशी.

गुरुवारी साडेपाचच्या एसटीने मीटिंगला जाईन. पुढच्या मंगळवारी बाजारात गाठ पडली आणि व्याही बरोबर असले, तर मीच आधी दुसऱ्या गल्लीला वळेन, म्हणजे अण्णांना मान वळवावी लागणार नाही.