वुडस्टॉकची टेकडी आणि रेल्वेवाला वकील

बॉस्टनमध्ये दादाने मनसोक्त फिरवलं, म्युझियम झाली, समुद्र झाला, सगळं छानच होतं, पण लिहावंसं वाटतंय ते वुडस्टॉकबद्दल. व्हर्माँट राज्यातलं छोटंसं गाव, बॉस्टनहून गाडीने अडीचेक तास. ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बघायला अख्खं न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेचा हा ईशान्येकडचा भाग, रस्त्यावर उतरतं, गावातल्या छपराच्या लाकडी पुलावर फोटोसाठी ही झुंबड, आणि एका साध्या खोलीचं एका रात्रीचं भाडं ऐकून आई गप्पच झाली. मला असली गर्दी अजिबात सहन होत नाही. पण बाबा भुसावळला रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांना एका जुन्या अमेरिकन रेल्वे कंपनीचा प्रेसिडेंट झालेल्या फ्रेडरिक बिलिंग्जचं घर बघायचंच होतं. त्या घरामागच्या टेकडीच्या रस्त्याला लागलो आणि माणसांचा आवाजच बंद झाला.

बिलिंग्जचा जन्म १८२३ चा. वडील कर्जात बुडाले म्हणून १८३५ मध्ये सगळं कुटुंब वुडस्टॉकला आलं, तेव्हा हा बारा वर्षांचा. टेकडीच्या पायथ्याशी मार्श नावाच्या बड्या वकिलाचं घर होतं. पोरगा शिकला, वकील झाला, १८४६ ते ४८ व्हर्माँटच्या गव्हर्नरच्या हाताखाली राज्याच्या कारभारात सेक्रेटरी होता, आणि १८४९ ला सोन्याच्या लाटेत कॅलिफोर्नियाला गेला. सोबत बहीण होती, ती तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत तापाने गेली. याने मात्र सोनं खणलं नाही, सॅन फ्रान्सिस्कोत वकिली केली. मेक्सिकोच्या काळातल्या जमिनी नक्की कोणाच्या यावरून तिथे भांडणंच भांडणं, त्यात त्याच्या फर्मने भरपूर कमावलं. आपल्याकडची इतकी मुलं ज्या बर्कलीला शिकायला जातात ना, त्या गावासाठी 'बर्कली' हे नावसुद्धा १८६६ मध्ये यानेच सुचवलेलं!

आणि १८६९ मध्ये परत येऊन त्याने तेच मार्शांचं घर विकत घेतलं. कर्जबाजारी बापाच्या मुलाने. मला तर ऐकून भरून आलं.

तेव्हा ही टेकडी जवळजवळ उघडीबोडकी होती. आधी झाडं तोडली, मग मेंढ्या चारल्या, मग पावसाने माती वाहून गेली. त्याच घरात वाढलेल्या जॉर्ज पर्किन्स मार्श यांनी १८६४ मध्ये पुस्तक लिहून हेच बजावलं होतं, की जंगल गेलं की झरे आटतात, नद्या बेफाम होतात. बिलिंग्जने ते वाचून नुसतं कौतुक केलं नाही, झाडं लावली. नॉर्वे स्प्रूस, युरोपियन लार्च, हजारांनी. लार्च मी पहिल्यांदाच बघितला. पानं सुईसारखी, पण थंडीआधी पिवळी होऊन गळतात, रस्ताभर त्यांचा मऊ थर, बाबांच्या स्वेटरच्या खांद्यावर पण पिवळ्या सुया अडकलेल्या. खोडं सरळसोट, मान दुखेपर्यंत वर बघायचं. घोडागाडीसाठी केलेला रस्ता वळणं घेत वर तळ्यापर्यंत जातो आणि आईचे गुडघे दुखत असूनही ती कुठे थांबली नाही. बाबा म्हणाले, "चढ बघ कसा राखलाय, एकदम कुठेच अंगावर येत नाही, हे रेल्वेवाल्याचंच डोकं."

घर नॅशनल पार्कचे रेंजर दाखवतात. भिंतींवर मोठमोठी निसर्गचित्रं, सुंदर रंगीत काचा. बाबांचं लक्ष तिकडे नव्हतंच, त्यांनी रेंजर बाईंना विचारलं, बिलिंग्जच्या नॉर्दर्न पॅसिफिक कंपनीच्या एवढ्या लांब रेल्वेला पैसा कुठून आला? मग जी माहिती मिळाली ती खरी. नॉर्दर्न पॅसिफिकला १८६४ मध्ये सरकारने पैसे दिले नाहीत, जमीन दिली, रुळांच्या दोन्ही बाजूंना एक आड एक तुकडे, एकूण सुमारे ४ कोटी एकर. ती विकून रूळ टाकायचे. बाबा मला म्हणाले, "अगं, आपल्याकडच्या जीआयपी रेल्वे कंपनीला इंग्रज सरकारची ५ टक्के व्याजाची हमी होती, ती आपल्या लोकांच्या करातून, इथे जमीन दिली." १८७३ च्या मंदीत कंपनी बुडाली, बिलिंग्जने १८७५ मध्ये ती सावरली, १८७९ ला प्रेसिडेंट झाला, काम परत सुरू केलं. आणि १८८१ मध्ये हेन्री व्हिलार्डने, कशासाठी ते न सांगता, ओळखीच्यांकडून ८० लाख डॉलर गोळा करून कंपनीच ताब्यात घेतली. लाइन पूर्ण झाली १८८३ मध्ये, तेव्हा हा प्रेसिडेंट नव्हता. मोंटानातल्या गावाला नाव मात्र याचं.

पण ती जमीन सरकारची तरी कुठे होती? लाइन जिथून जाणार त्या यलोस्टोन नदीकाठी लाकोटा होते, क्रो होते, तिथले मूळ रहिवासी. १८७२-७३ मध्ये लाइनची पाहणी करायला लष्कर सोबत न्यावं लागलं आणि लाकोटांशी लढाया झाल्या. माझं स्पष्ट मत आहे की टेकडीवरच्या झाडांइतकंच हे पण सांगितलं पाहिजे, त्याच आवाजात, त्याच पाहुण्यांना. झाडं लावणारा बिलिंग्ज मला मनापासून आवडला, आणि म्हणूनच त्याची अर्धी गोष्ट ऐकून समाधान होत नाही. १८९० मध्ये तो गेल्यावर बायको ज्युलिया आणि मुलींनी जंगल, गोठा सगळं नेटाने सांभाळलं, पुढे नातीने आणि तिच्या नवऱ्याने ते देशाला दिलं, १९९२ पासून नॅशनल पार्क आहे. त्या बायकांबद्दल मला अजून ऐकायचं होतं, पण टूरची वेळ संपली.

जाणार असाल तर घराच्या टूरची जागा आधी धरा आणि पुलावरचे फोटो सोडून द्या. गर्दी टाळायला ऑक्टोबर सोडून जा असं सांगणार होते, पण मग लार्चचा तो पिवळा रंग बघायला मिळणार नाही, त्यामुळे तसं सांगवत नाही.