की-बोर्ड ड्रायव्हर: कन्व्हेन्शनलमध्ये शून्य!

काल रात्री डॉसवर मेम /सी (कोण किती मेमरी खातं ते दाखवणारी कमांड) चालवलं आणि माझ्या ड्रायव्हरपुढे कन्व्हेन्शनलच्या, म्हणजे पहिल्या ६४० केबी मेमरीच्या, रकान्यात शून्य दिसलं. दोनदा रीबूट करून खात्री केली. सुरुवात १,८८८ बाइट्सपासून होती. आता सगळा मुक्काम यूएमबीत (६४० केबीच्या वरच्या ब्लॉकमध्ये), तोही १,६३२ मध्ये. पीएसपीचे (डॉस प्रत्येक प्रोग्रॅमपुढे जोडतो त्या माहितीचे) २५६ बाइट्स सोबत न्यावेच लागले नाहीत.

लोडहायवर (प्रोग्रॅम यूएमबीत चढवणाऱ्या डॉसच्या कमांडवर) माझा भरवसा उरलेला नाही. रेसिडेंट (मेमरीत कायम राहणारा) भाग दीड केबीचा असला तरी चढताना अख्खी फाइल मावेल एवढा सलग ब्लॉक लागतो. नाही मिळाला की प्रोग्रॅम मुकाट ६४० केबीत उतरतो. म्हणून ड्रायव्हरनेच आपली जागा शोधायची: डॉसच्या ५८०३ या फंक्शनने यूएमबी जोडायचे, ५८०१ ने मेमरी वाटायची स्ट्रॅटेजी बदलायची, ४८एच ने नेमके १०२ पॅराग्राफ (प्रत्येकी १६ बाइट्स) मागायचे, कोड तिकडे कॉपी करून इंटरप्टचे व्हेक्टर (कोणता कोड चालवायचा ते पत्ते) तिकडे वळवायचे आणि मेमरीत राहून बाहेर पडणाऱ्या ३१एच ऐवजी साध्या ४सीएच ने बाहेर पडायचं.

सुरुवातीला हे प्रॉम्प्टवर झकास चालायचं. एडिटर उघडला की की-बोर्ड ठार! तीन रात्री यात गेल्या. आधी ईओआयवर (इंटरप्ट संपल्याच्या इशाऱ्यावर) संशय, मग डेड-कीच्या (पुढच्या अक्षराला चिन्ह जोडणाऱ्या कीच्या) टेबलवर. ते टेबल तर मी अख्खं पुन्हा लिहिलं. शेवटी मेम /डी पाहिलं, तर माझा ब्लॉक चक्क ‘फ्री’. ४सीएच ने बाहेर पडताना डॉस त्या पीएसपीच्या मालकीचे सगळे ब्लॉक सोडून देतो, आणि एमसीबीत (प्रत्येक ब्लॉकच्या आधीच्या नोंदीत) मालक म्हणून माझाच पीएसपी होता. कोड जागेवर पडून होता, म्हणून प्रॉम्प्टवर चालत होता. एडिटर त्यावर लिहून मोकळा व्हायचा.

उपाय दोन ओळींचा. एमसीबीच्या ऑफसेट १ वर ब्लॉकचा स्वतःचा सेगमेंट लिहिला, ऑफसेट ८ वर नाव. हे शोधायला डॉससोबतचा साधा डीबग पुरला. मोठ्या डीबगरची गरज नाही, हे माझं मत आणखी पक्कं झालं.

आता ड्रायव्हर मेमरीतून काढणारा अनलोड स्विच लिहायचा बेत होता, पण हे टाइप करतानाच सुचलं: इंट ९ (की दाबल्यावरचा इंटरप्ट) हवंच कशाला? इंट १५ च्या ४एफएच वर (प्रत्येक कीचा कोड बायॉस आधी इथे दाखवतो) बसलं तर की-बोर्डचा पोर्ट ६० वाचणं, ईओआय, शिफ्टचे फ्लॅग, सगळं बायॉसच सांभाळतं. आपण अक्षर इंट १६ च्या ०५एच ने बफरमध्ये टाकायचं आणि कॅरी फ्लॅग क्लिअर करून कीचा मूळ कोड गिळायचा. सुरुवातीच्या एक्सटी बायॉसमध्ये हा इंटरसेप्ट नाही, तेव्हा आधी इंट १५ च्याच सी०एच ने फीचर बाइटचा (बायॉसच्या सोयींच्या नोंदीचा) बिट ४ तपासावा लागेल. अनलोड स्विच तोवर थांबेल. आज रात्री हेच.