आजीचं गाव

मे महिना लागला की आमची चाळ रिकामी व्हायची. पहिल्या मजल्यावरचे देवगडला, समोरच्या खोलीतले राजापूरला, माळ्यावरचे साताऱ्याकडे. मुंबई सेंट्रलच्या एसटी डेपोत आदल्या रात्रीपासून ट्रंका आणि वळकट्या. गॅलरीत उरायचो मी आणि आजी. एका वर्षी मी भोकाड पसरून विचारलं, "आपलं गाव कुठंय?" आजी गहू भाजत होती. मान वर न करता म्हणाली, "उभी आहेस ना त्याच्यावर."

आम्ही पाठारे प्रभू. तेराव्या शतकाच्या अखेरीस बिंब राजाबरोबर माहीमला आलो, असं घरोघरी सांगतात. त्याआधी कुठे होतो, पैठणला की गुजरातेतल्या पाटणला, यावर आजोबांच्या दोन बहिणी अशा भांडायच्या की पत्त्यांचा डाव राहून जायचा. आजीला त्यात रस नव्हता. "राजा आला, ठीक आहे. बरोबर चुली कोणी आणल्या ते सांगा," म्हणायची.

ती १९३१ सालची. माहेर नवी वाडीत, सासर ठाकूरद्वारला. मधलं अंतर चालत सात मिनिटं. माहेरपणाला जाताना टांगा हवा असा हट्ट तिने एकदाच केला, पहिल्या मंगळागौरीला. टांगेवाला म्हणे हसला होता.

गावच्या गोष्टी सांगायच्या म्हणून ती मला मुंबईच्या सांगायची. वरळीच्या बांधाची तिची लाडकी. हॉर्नबी गव्हर्नरच्या काळात महालक्ष्मी आणि वरळीमधली खाडी बुजवायची होती. बांध घालावा आणि समुद्राने तो ओढून न्यावा, असं पुन्हा पुन्हा होत होतं. मग कामावरच्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, मला पाण्यातून वर काढ म्हणाली. मूर्ती सापडली, बांध टिकला, महालक्ष्मीचं देऊळ झालं. आजी हे असं सांगायची की रामजी तिचा चुलतभाऊ असावा. भाऊच्या धक्क्याचंही तेच. लाँच पकडायला गेलो की, "हा आपल्या भाऊ अजिंक्यांनी बांधला." लोक वळून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिने स्वतः अनुभवलेली मोठी गोष्ट म्हणजे गोदीतला स्फोट. १४ एप्रिल १९४४, दुपारचे चार वाजून गेलेले. ती तेरा वर्षांची, घरात केस विंचरत बसलेली. आधी जमीन हलली, मग फळीवरची पितळी भांडी एकेक करून खाली आली. सगळ्यांना वाटलं, जपान्यांनी बॉम्ब टाकला. दारूगोळा भरलेलं जहाज होतं, हे मागाहून कळलं. त्याच जहाजात सोन्याच्या विटाही होत्या आणि त्यातल्या काही उडून लांब कुठे कुठे पडल्या. तिचे वडील दोन दिवस गच्चीवर चकरा मारत होते. "आमच्याकडे काय पडलं? पोपडे."

चिराबाजारात तिची ठरलेली कोळीण होती. दोघींचं वय सारखं, तोंडही. एकदा बोंबलाच्या भावावरून आजीने सातशे वर्षं काढली. आम्ही इथले जुने, आम्हाला फसवू नकोस. कोळणीने बोंबलाचं डोकं उडवलं, पाटीवर पाणी मारलं आणि म्हणाली, "आनि तुमाला होरीतशी उतरवला कोनी? आमीच ना!" आजी पहिल्यांदाच निरुत्तर झालेली मी पाहिली. खरंच होतं ते. आम्ही आलो तेव्हा कोळी इथे होतेच. त्या दिवशी तिने सांगितला तो भाव दिला, वर घरी येऊन तिचंच कौतुक केलं.

चाळ पाडायला काढली तेव्हा आजी ऐंशीची होती. आम्ही बोरिवलीला आलो, तात्पुरते म्हणून. ते तात्पुरतं कसं लांबलं ते लिहीत बसत नाही, गिरगावातल्या पुष्कळांना ते पाठ आहे. नव्या शेजारच्या काकू मालवणच्या. ओळख होताच पहिला प्रश्न, "गाव कुठलं तुमचं?"

"गिरगाव," आजी म्हणाली.

"नाही, मूळ गाव."

"तेच मूळ."

काकूंना ती थट्टा वाटली. जूनच्या आधी त्या गावाहून परत आल्या आणि कोकमं, ओले काजू, एक कापा फणस असं आमच्याकडे देऊन गेल्या. आजी अस्वस्थ झाली. भांडं रिकामं परत करायचं नाही हा तिचा नियम, आणि गावाहून आणलेल्याला गावाहून आणलेलंच द्यायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं नेसून, पिशवी काखेत मारून दारात उभी. "गावाला जाऊन येते."

मी अर्थातच बरोबर गेले. फास्टने मुंबई सेंट्रल, तिथून स्लोने चर्नी रोड. जिने चढताना ती तीनदा थांबली, पण ठाकूरद्वारच्या नाक्यावर आल्यावर माझा हात सोडून पुढे झाली. चाळीच्या जागी पत्रे ठोकलेले होते. तिकडे तिने पाहिलंही नाही. वाण्याकडे जाऊन धणे, मिरच्या, मेथ्या, मोहरी, मिरी, हळकुंडं, खडा हिंग घेतला. गहू आणि चणाडाळही तिथूनच. बोरिवलीत काय मिळत नाही, म्हटलं. तिने उत्तर दिलं नाही.

घरी येऊन दिवसभर परभी सांबार, म्हणजे आमचा प्रभूंचा मसाला, केला. सगळं वेगवेगळं भाजायचं, गहू मात्र शेवटी, मंद आचेवर, तांबूस होईस्तोवर. हिंग तेलात फुलवायचा. मिक्सर मी फिरवला, पण दर वेळी झाकण काढून वास घ्यायचा हक्क तिचा. काकूंचं भांडं काठोकाठ भरून तिने स्वतः नेऊन दिलं. "आमच्या गावचं आहे. कोलंबीला घाला."

रात्री नऊला बेल वाजली. काकू दारात, हाताला कालवणाचा वास.

"काकी, ह्यात गहू आसत काय?"

आजीने त्यांना आत बोलावलं आणि मला म्हणाली, "पाट दे गं त्यांना."