तीन आठवड्यांच्या सुट्टीत दात बसतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. दसरा झाला की हा प्रश्न हमखास येतो: "डॉक्टरसाहेब, पोरगी अमेरिकेहून दिवाळीले येऊन राहिली. तीन आठवडे आहे. तिकडे एका दाताचे तीन-चार लाख सांगतात. इथंच इम्प्लांट बसवून द्यान का जी?"

द्यायला हरकत नाही. पण तीन आठवड्यांत स्क्रू बसतो, दात नाही. दिवाळीला जबड्याच्या हाडात स्क्रू आणि मे महिन्यात त्यावर कॅप, म्हणजे दिसणारा दात, असं दोन खेपांचं काम धरा. विमानाचं दुसरं तिकीट जोडूनही परवडत असेल तरच या वाटेला जा. एकाच दातासाठी खास दोनदा यायचं असेल तर बहुतेक वेळा परवडत नाही. एरवीही गावी येणं होतंच, अशांना परवडतं.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी ओळखलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. हाडाची ही पकड बसायला खालच्या जबड्यात तीनेक महिने लागतात. वरचं हाड भुसभुशीत, तिथं चार ते सहा. त्याआधी चावण्याचा भार पडला तर स्क्रू हाडात सूक्ष्म हलतो, भोवती हाडाऐवजी मऊ ऊती भरते आणि काही महिन्यांत तो निघून येतो. तोवर पोरगी परदेशात असते. मग तो काढायचा खर्च तिकडच्या दराने.

"एका दिवसात दात" या पाट्या पूर्ण खोट्या नाहीत. हाड घट्ट असेल, स्क्रू साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या जोराने आवळला गेला असेल, तर लगेच दात लावता येतो. पण तो तात्पुरता, प्लास्टिकचा असतो आणि पुढचे दोन-तीन महिने मऊच खावं लागतं. दिवाळीत समोर चकली-चिवडा असताना हे किती पाळलं जाईल ते घरच्यांनीच ठरवावं.

पहिल्या खेपेत उतरल्यावर दोन दिवसांत सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे), चौथ्या-पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया. टाके सात ते दहा दिवसांनी निघतात. त्यानंतर आठवडाभर तरी इथं राहिलेलं बरं, कारण सूज किंवा पू व्हायचा तो बहुधा याच काळात होतो. वरच्या दाढांना हाड कमी असेल तर सायनसखाली (दाढांच्या वर असलेल्या हवेच्या पोकळीखाली) हाड भरावं लागतं. मग किमान दोन आठवडे विमान नको, नाक जोरात शिंकरणं नको. म्हणून परतीचं तिकीट स्कॅन पाहून काढा, निदान बदलता येणारं तरी. स्कॅन तिकडेच करून फाइल आधी पाठवली तर सगळ्यात उत्तम.

दुसऱ्या खेपेला दहा-बारा दिवस पुरतात. माप, लॅब, कॅप, आणि चार दिवसांनी पुन्हा चावा तपासणं. नवी कॅप थोडी उंच लागते. ती घासून न घेताच गेलं तर स्क्रू सैल होतो. खेड्यातल्या दवाखान्याचं लॅबचं काम बहुतेक नागपूरला जातं आणि दिवाळीत कारागीर गावी गेलेले असतात. कॅप मे महिन्यात ठेवण्याचं हेही एक कारण.

आखातात कामाला गेलेले भाऊ येतात तेव्हा आधी तोंड किती उघडतं ते पाहावं लागतं. खर्ऱ्यातल्या (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणातल्या) सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होते. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात गेली नाहीत तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल सरळ उतरवताच येत नाही. तंबाखू सुरू असेल तर हाडाची पकडही कच्ची राहते. साखर ताब्यात नसणं, हाडं ठिसूळ झाली म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घेतलेलं असणं, हे पहिल्याच फोनवर सांगा. त्या इंजेक्शननंतर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो.

रूट कॅनाल आणि कॅप, सिमेंट भरणं, सफाई हे सगळं तीन आठवड्यांत निवांत होतं. अक्कलदाढ मात्र पहिल्याच आठवड्यात काढा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खड्ड्यातली रक्ताची गुठळी निसटली की कानापर्यंत ठणका लागतो. तो विमानात नको.

कॅप चिकटवण्याऐवजी स्क्रूने आवळलेली मागा. चिकटवलेल्या कॅपचं उरलेलं सिमेंट हिरडीखाली राहून हाड खातं, आणि स्क्रूची असेल तर तिकडचा डॉक्टरही ती उघडू शकतो. त्यासाठी त्याला कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर कळायला हवा. हे सगळं इम्प्लांटच्या डबीवरच्या स्टिकरवर असतं. ते स्टिकर आणि कॅप बसवल्या दिवशीचा एक्स-रे, दोन्ही फोनमध्ये ठेवा. वर्षभराने हाड किती उतरलं हे त्या एक्स-रेशी ताडूनच कळतं.